पावसाआधी छप्पर चढेल का? स्प्रेडशीटमध्ये वेळापत्रकाची जोखीम मोजायची पद्धत

गोव्यात घराचं काम काढलं की वेळापत्रकातला खरा प्रश्न एकच असतो: मृगाआधी छप्पर चढेल का? चढलं तर आतलं प्लास्टर, वायरिंग, नळजोडणी, फरशी ही कामं भर जुलैतही चालू राहतात. नाही चढलं तर उघड्या भिंतींवर ताडपत्री येते, चिरे (जांभ्या दगडाचे ठोकळे) भिजतात आणि काम थेट चवथीनंतर, म्हणजे गणेशचतुर्थीनंतर सुरू होतं. दहा दिवसांचा उशीर तीन महिन्यांचा होतो. तरीही बहुतेक वेळापत्रकांत प्रत्येक कामासमोर एकच आकडा असतो आणि शेवटी एकच तारीख. ती तारीख साधण्याची शक्यता किती, हे त्या कागदावर कुठेच दिसत नाही.

ती शक्यता साध्या स्प्रेडशीटमध्ये काढता येते. एक्सेल, लिबर ऑफिस कॅल्क किंवा गूगल शीट्स, यांपैकी काहीही चालेल. विकतचं काही घ्यावं लागत नाही. पद्धतीचं नाव मोंटे कार्लो सिम्युलेशन. १९४० च्या दशकात लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत स्टॅनिस्लॉ उलाम आणि जॉन फॉन नॉयमान यांनी ती आकाराला आणली. मोनॅकोतल्या जुगाराच्या अड्ड्यावरून तिला नाव मिळालं. कल्पना सोपी आहे: तेच घर कागदावर पाच हजार वेळा बांधायचं, प्रत्येक वेळी प्रत्येक कामाला नशिबाने येतील तेवढे दिवस द्यायचे, आणि त्यातली किती घरं वेळेत झाली ते मोजायचं.

इथे फोंडा तालुक्यातल्या एका दुमजली चिऱ्याच्या घराचं उदाहरण घेतलं आहे. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या जागेवर ते बदलतील. सूत्रं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत लिहिली आहेत. शीटमध्ये फंक्शनांची आणि कॉलमांची नावं इंग्रजी अक्षरांतच टाकायची, आकडेही इंग्रजीच. दुसऱ्या शीटमधल्या सेलचा पत्ता हाताने टाइप न करता सूत्र लिहिताना त्या सेलवर क्लिक करा, मग अवतरणचिन्हांचा घोळ होत नाही.

आधी हातात दिवस किती ते मोजा

मान्सून गोव्यात सर्वसाधारणपणे ५ जूनच्या सुमारास पोचतो. मे महिन्यातही वळिवाच्या सरी येतात, म्हणून छपराची मुदत ३१ मे धरू. काम १ डिसेंबरला सुरू होतं. लीप वर्ष नसेल तर १ डिसेंबर ते ३१ मे हे १८२ दिवस, म्हणजे बरोबर २६ आठवडे. २६ रविवार गेले की उरतात १५६. त्यातून ३ डिसेंबरचं जुन्या गोव्याचं फेस्त, १९ डिसेंबरचा मुक्तिदिन, नाताळ, प्रजासत्ताक दिन, शिगमो, गुढीपाडवा, गुड फ्रायडे आणि १ मे असे आठ दिवस वजा करा (एखादा रविवारी आला तर तो मोजू नका). हातात राहिले १४८ कामाचे दिवस. पुढचा सगळा हिशोब या आकड्याभोवती फिरतो.

प्रत्येक कामाला तीन आकडे

"अंदाज" नावाची शीट उघडा. ए कॉलममध्ये कामाचं नाव, बी मध्ये किमान दिवस, सी मध्ये सगळ्यांत शक्य वाटणारे, डी मध्ये कमाल. पहिली ओळ शीर्षकाची, म्हणून कामं दुसऱ्या ओळीपासून:

१. खोदाई, पाया, प्लिंथ (जोतं): २०, २६, ४५
२. तळमजल्याचं चिऱ्याचं बांधकाम, लिंटेलसह (दारं-खिडक्यांवरची आडवी तुळई): १८, २४, ४०
३. स्लॅब (सेंटरिंग म्हणजे तात्पुरता साचा, सळया, ओतणं, क्युरिंग म्हणजे पाणी मारत ठेवणं, सेंटरिंग काढणं): १८, २२, ३२
४. वरच्या मजल्याचं बांधकाम: १६, २२, ३६
५. लोखंडी कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे) वर्कशॉपमध्ये तयार होणं: १४, २०, ३५
६. कैच्या चढवणं आणि मंगळुरी कौलं घालणं: १२, १५, २५

स्लॅब झाल्यावर मापं घेऊन कैच्यांची ऑर्डर जाते, म्हणून चौथं आणि पाचवं काम एकाच वेळी चालतात. दोन्ही संपल्याशिवाय सहावं सुरू होत नाही.

हे आकडे कसे मिळवायचे यावर सगळ्या शीटची किंमत ठरते. मेस्त्रीला "किती दिवस लागतील?" असं विचारलं की तो चांगल्या दिवसांचा आकडा सांगतो, आणि मग किमान-कमाल विचारले तर त्याच आकड्याला चिकटून दोन-चार दिवस इकडेतिकडे करतो. म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी कमाल विचारा, तेही असं: "तुम्ही बांधलेल्या घरांत पायाला सगळ्यांत जास्त दिवस कुठे लागले, आणि का?" मग किमान विचारा. मधला आकडा शेवटी. कमाल आकडा मधल्यापासून जितका दूर जातो तितका किमान सहसा जात नाही, कारण काम लवकर संपण्याला मर्यादा असते आणि लांबण्याला नसते. तिन्ही आकडे समान अंतरावर आले, उदाहरणार्थ २०, २५, ३०, तर समजा की कोणीतरी विचार न करता पाच वजा आणि पाच अधिक केले आहेत. पुन्हा विचारा.

आणखी एक ठरवून घ्या. चिरेखाण बंद पडणं, मजूर गावी जाऊन अडकणं असे प्रसंग या कमाल आकड्यात धरायचे नाहीत. त्यांची वेगळी शीट पुढे येते. एकच उशीर दोन्हीकडे धरला तर शीट उगाच घाबरवते.

त्रिकोणी वाटप आणि त्याचं सूत्र

तीन आकड्यांवरून नशिबाचा एक आकडा काढायचा सरळ मार्ग म्हणजे त्रिकोणी वाटप: मधल्या आकड्यावर शिखर, दोन्ही टोकांना शून्य. अंदाज शीटच्या ई कॉलममध्ये आधी सांध्याची जागा काढा, म्हणजे किमान ते कमाल या अंतरात मधला आकडा कितव्या भागावर आहे ते:

=इफ(डी२=बी२, १, (सी२-बी२)/(डी२-बी२))

पहिल्या कामासाठी हे ६ भागिले २५, म्हणजे ०.२४ येतं. सुरुवातीचं इफ नीट लक्षात ठेवा. कधी तिन्ही आकडे सारखे टाकावे लागतात. हे इफ नसेल तर शून्याने भागाकार होऊन सगळी शीट चुकीच्या खुणांनी भरते.

आता "फेऱ्या" नावाची दुसरी शीट. इथे एक ओळ म्हणजे एक संपूर्ण घर. ए२ मध्ये फक्त =रँड() लिहा; ते दर वेळी ० ते १ मधला नशिबाचा आकडा देतं. बी२ मध्ये:

=इफ(ए२<अंदाज!$ई$२, अंदाज!$बी$२+एसक्यूआरटी(ए२*(अंदाज!$डी$२-अंदाज!$बी$२)*(अंदाज!$सी$२-अंदाज!$बी$२)), अंदाज!$डी$२-एसक्यूआरटी((१-ए२)*(अंदाज!$डी$२-अंदाज!$बी$२)*(अंदाज!$डी$२-अंदाज!$सी$२)))

पुढे जाण्याआधी तपासा. ए२ मध्ये रँडच्या जागी तात्पुरता ० टाका, बी२ मध्ये २० यायला हवेत. १ टाकला की ४५. ०.२४ टाकला की बरोबर २६. तीनपैकी एक जरी चुकलं तरी कुठेतरी कंस किंवा डॉलरचं चिन्ह हुकलं आहे. मग ए२ मध्ये रँड परत ठेवा.

रँड वेगळ्या कॉलममध्ये ठेवण्याचं कारण फार महत्त्वाचं आहे. पुष्कळ जण ए२ च्या जागी सूत्रातच तीन ठिकाणी रँड() लिहितात. मग इफ एका आकड्यावर निर्णय घेतं आणि वर्गमुळात दुसराच आकडा जातो. शीट कुठलीही चूक दाखवत नाही. सरासरीसुद्धा ३०.३ च्या जागी २९.९ येते, म्हणजे कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. पण टोकं बोथट होतात: २३ दिवसांच्या आत काम संपण्याची शक्यता ६ टक्के असायला हवी ती दीड टक्क्याच्याही खाली जाते, आणि ४० दिवसांच्या पुढे जाण्याची शक्यताही कमी दिसते. जोखीम मोजायला बसलो आणि जोखमीचाच भाग कापला, असं होतं.

अशाच जोड्या उरलेल्या पाच कामांसाठी करा: सी-डी, ई-एफ, जी-एच, आय-जे, के-एल. विषम जागी रँड, सम जागी दिवस. प्रत्येक जोडीत अंदाज शीटची ओळ बदलायला विसरू नका. सगळ्या कामांना पहिल्या कामाचेच आकडे लागणं ही नेहमीची चूक आहे.

त्रिकोणाऐवजी पर्ट वाटपही वापरता येतं. पर्ट हे प्रकल्पाचं वेळापत्रक आखायचं तंत्र १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पातून आलं. त्यात मधल्या आकड्याला चौपट वजन असतं, म्हणून पहिल्या कामाची सरासरी ३०.३ ऐवजी २८.२ येते. सूत्र बीटा.इन्व्हचं (BETA.INV): पहिला आकडा रँडचा सेल, दुसरा १+४*(मधला-किमान)/(कमाल-किमान), तिसरा १+४*(कमाल-मधला)/(कमाल-किमान), मग किमान आणि कमाल. मेस्त्रीच्या मधल्या आकड्यावर पक्का भरवसा असेल, मागच्या चार-पाच घरांच्या नोंदी हातात असतील, तर पर्ट घ्या. नुसत्या तोंडी अंदाजावर काम असेल तर त्रिकोणच बरा, तो उशिराला जास्त जागा देतो.

पहिला निकाल

एका ओळीची बेरीज एई२ मध्ये करा (मधले कॉलम पुढे लागतील), ती अशी: पहिली तीन कामं, मग चौथं आणि पाचवं यांतलं जे मोठं ते, मग सहावं.

=बी२+डी२+एफ२+मॅक्स(एच२,जे२)+एल२

ही ओळ ५००१ व्या ओळीपर्यंत खाली ओढा. पाच हजार घरं तयार. आता मधल्या आकड्यांची साधी बेरीज करून पाहा: २६, २४, २२, २२ आणि १५ मिळून १०९ दिवस. हातात १४८ आहेत, म्हणजे ३९ दिवस मोकळे. कोणताही कंत्राटदार यावर निर्धास्त होईल.

पण पाच हजार ओळींची सरासरी १२५ च्या आसपास येईल, आणि १०९ दिवसांत संपलेली घरं जेमतेम शंभरात तीन असतील. कारणं दोन. पहिलं, प्रत्येक कामाचा लांबण्याकडे कल जास्त, म्हणून सरासरी मधल्या आकड्याच्या वर बसते. दुसरं मॅक्समध्ये आहे. वरच्या मजल्याची सरासरी २४.७ दिवस, कैच्यांची २३, पण दोन्हींतलं मोठं घेतलं की सरासरी २६ च्या पुढे जाते. दोन वाटा एकत्र येतात तिथे दोन्ही वेळेत यायला लागतात. प्रत्येकीची शक्यता ५० टक्के असली तर दोन्हींची २५, तिन्हींची साडेबारा. बार चार्टवर हे कधीच दिसत नाही.

तरीही १४८ च्या आत येणारी घरं सुमारे ९९ टक्के निघतील. इथे थांबू नका. आतापर्यंत फक्त कामाचा वेग मोजला आहे, अडथळे मोजलेलेच नाहीत.

अडथळ्यांची शीट

"धोके" शीटमध्ये बी कॉलममध्ये शक्यता, सी-डी-ई मध्ये किती दिवस जातील त्याचे तीन आकडे, एफ मध्ये सांधा:

चिऱ्यांचा पुरवठा थांबणं: ०.३०, १०, १५, ३०
मजूर सणाला गावी जाऊन उशिरा परतणं: ०.५०, ६, १०, २०
मालकाने मध्येच आराखडा बदलणं: ०.२५, ५, १०, २५
खोदताना कठीण थर किंवा पाणी लागणं: ०.१५, ५, ८, २०

प्रत्येक धोक्याला फेऱ्या शीटमध्ये चार कॉलम लागतात. एम आणि एन पुढच्या कामासाठी मोकळे सोडा आणि ओ पासून सुरुवात करा: ओ मध्ये रँड, पी मध्ये दुसरा रँड, क्यू मध्ये पी वरून त्रिकोणी दिवस, आर मध्ये =इफ(ओ२<धोके!$बी$२, क्यू२, ०). इथे मात्र दोन वेगळे रँड हवेतच. एक ठरवतो की प्रसंग आला का, दुसरा ठरवतो की किती दिवस गेले. चार धोके एडी कॉलमपर्यंत जातील आणि त्यांचे दिवस आर, व्ही, झेड, एडी मध्ये बसतील.

इथे मोठा मोह होतो तो शक्यता आणि दिवस यांचा गुणाकार करून सरळ बेरजेत टाकायचा: ३० टक्के गुणिले १८ म्हणजे साडेपाच दिवस, द्या टाकून. पण चिरे थांबले की साडेपाच दिवस कधीच जात नाहीत; एक तर काहीच जात नाहीत, नाहीतर दोन-चार आठवडे जातात. इफ वापरण्याचं कारण तेच.

सगळ्या धोक्यांचे दिवस बेरजेत घेतले की १४८ च्या आत येणारी घरं ९९ टक्क्यांवरून ६६-६७ टक्क्यांवर येतात.

सगळी कामं एकत्र का लांबतात

अजून एक गोष्ट राहते, आणि घरगुती शीटमध्ये ती जवळजवळ नेहमी राहतेच. आतापर्यंत प्रत्येक कामाचं नशीब वेगळं धरलं आहे. पाया रेंगाळला तरी भिंती झपाट्याने होतील आणि हिशोब बरोबर होईल, असं ही शीट मानते. प्रत्यक्षात टोळी संथ असेल तर ती सगळीकडे संथ असते. किनाऱ्यावर हॉटेलांची कामं निघाली आणि मजूर तिकडे गेले तर तुमच्या साइटलाही माणसं कमी पडतात आणि कैच्या करणाऱ्या वर्कशॉपलाही.

यासाठी एक समान घटक ठेवा. अंदाज शीटच्या आठव्या ओळीत ०.९, १, १.२ असे तीन आकडे टाका. फेऱ्यांमध्ये एम ला रँड, एन ला त्यावरून त्रिकोणी घटक. एकूण बेरीज एई२ मध्ये:

=(बी२+डी२+एफ२+मॅक्स(एच२,जे२)+एल२)*एन२+आर२+व्ही२+झेड२+एडी२

मोजा: =काउंटइफ(एई२:एई५००१,"<=१४८")/५०००

उत्तर ५६ टक्क्यांच्या जवळपास येईल. मघाशी ३९ दिवस मोकळे दिसत होते, तेच घर आता नाणं उडवण्यापेक्षा थोडंसंच बरं. घटकाचा परिणाम किती हे वेगळं पाहायचं असेल तर त्या ओळीत १, १, १ टाका. मघाचं इफ इथे कामी येतं.

फेऱ्या किती हव्यात याचा अंदाज असा: ५००० ओळींत या ५६ टक्क्यांमध्ये दीड टक्का इकडेतिकडे होऊ शकतो, ५०० ओळींत साडेचार. गूगल शीट्समध्ये ५००० ओळी रेंगाळतात. तिथे २००० पुरे. एक्सेलमध्ये फॉर्म्युलाज मेनूत कॅल्क्युलेशन ऑप्शन्स मॅन्युअलवर ठेवा आणि हवं तेव्हाच एफ९ दाबा, नाहीतर एक अक्षर टाइप केलं तरी सगळं पुन्हा मोजलं जातं.

पावसाचा कडा

उशीर झाला तर पुढे काय होतं तेही शीटला सांगायला हवं. १४८ व्या दिवसानंतर उघड्यावरच्या कामाचा वेग ४० टक्क्यांवर येतो असं धरू:

=इफ(एई२<=१४८, एई२, १४८+(एई२-१४८)/०.४)

हे एएफ२ मध्ये. मग पर्सेंटाइल.इन्कने (PERCENTILE.INC) तीन आकडे काढा. ०.५ ला, म्हणजे निम्मी घरं ज्या दिवसापर्यंत झाली तिथे, सुमारे १४५ दिवस येतील, म्हणजे मेअखेर. ०.८ ला पावसाविना १६१ आले असते, आता १८० येतात, म्हणजे जुलैचा पहिला आठवडा उलटला. ०.९ ला १७० च्या जागी २०३, म्हणजे ऑगस्ट उजाडला आणि चवथ तोंडावर.

एएफ कॉलमचा आलेख काढला की ३१ मे पर्यंत एक उंच डोंगर आणि पुढे लांबलचक सपाट शेपूट दिसतं. इथे सरासरी तारीख काढून कोणाला देऊ नका. ती जूनच्या पहिल्या पंधरवड्यात कुठेतरी पडते, आणि प्रत्यक्षात त्या काळात फार थोडी घरं पूर्ण होतात. एक तर मेच्या आत, नाहीतर बरंच पुढे.

दिवसांची तारीख करायला वर्कडे.इंटल (WORKDAY.INTL) वापरा: सुरुवातीच्या आदल्या दिवसाची तारीख, मग राउंडअप केलेले दिवस, मग ११, मग सुट्ट्यांची यादी. ११ हा आकडा फक्त रविवारची सुट्टी दाखवतो. तो टाकला नाही तर शनिवारही सुट्टीत जातो आणि प्रत्येक तारीख पुढे सरकते.

पैसा आणि वेळ नेमका कुठे घालायचा

ही शीट बनवायचं खरं कारण हेच आहे. कोरेल (CORREL) फंक्शनने प्रत्येक कॉलमचा एई शी संबंध काढा, म्हणजे दोन्ही किती बरोबरीने वाढतात-घटतात ते; आकडा १ च्या जितका जवळ तितका संबंध घट्ट. या उदाहरणात सगळ्यांत वर चिऱ्यांचा पुरवठा येतो, ०.५ च्या जवळ. त्याच्या मागोमाग समान घटक, मग मजुरांचं उशिरा परतणं आणि आराखड्यातला बदल. पायाचं काम ०.३ च्या आसपास. कैच्या आणि स्लॅब तळाशी. म्हणजे कैच्यांच्या वर्कशॉपच्या मागे रोज फोन घेऊन लागण्यात फारसं हशील नाही. मजूर शिगम्याला जाण्याआधी परतीची तारीख ठरवून घेण्यात आहे.

आता उपाय तपासा. त्याआधी सगळे रँड कॉलम कॉपी करून त्याच जागी फक्त आकडे म्हणून पेस्ट करा. हे केलं नाही तर उपाय बदलताना नशीबही बदलतं, आणि निकालातला फरक कशामुळे आला ते कळत नाही. नशीब गोठवलं की त्याच पाच हजार घरांवर उपायाचा परिणाम दिसतो.

पहिला उपाय: दोन्ही मजल्यांचे चिरे डिसेंबरातच आणून साइटवर रचून ठेवणं. धोके शीटमध्ये ०.३० च्या जागी ० टाका. ५६ टक्के ६९ होतात. दुसरा: काम दोन आठवडे आधी, नोव्हेंबरच्या मध्यात सुरू करणं, म्हणजे १४८ च्या जागी १६०. शक्यता ७८ टक्के. दोन्ही केले तर ८९. चिऱ्यांत आगाऊ अडकणाऱ्या पैशाचं व्याज किती आणि पावसात थांबलेल्या घराचं भाडं, ताडपत्री, पुन्हा सेंटरिंग यांचा खर्च किती, हे शेजारी मांडलं की निर्णय घ्यायला अडचण राहत नाही. चिरेखाणीत पावसाळ्यात पाणी भरतं आणि उत्खनन थांबतं, म्हणून हा साठा एप्रिल-मेपर्यंत लांबवण्यात अर्थ नाही. तेव्हा सगळ्यांनाच चिरे हवे असतात.

खर्चाचा हिशोबही जोडायचा असेल तर तो त्याच ओळीत, त्या ओळीतल्या दिवसांवरून काढा: रोजची मजुरी आणि भाड्याचं सामान गुणिले त्या फेरीचे दिवस, अधिक मालाचा खर्च. खर्चाचं सिम्युलेशन वेगळ्या शीटमध्ये वेगळ्या नशिबावर केलं तर उशीर आणि जादा खर्च एकत्र येतात हेच हरवतं.

काही चुका निकालात दिसत नाहीत, म्हणून त्या इथे. प्रत्येक कामाचा ९० टक्क्यांचा आकडा घेऊन त्यांची बेरीज केली तर ती घराची ९० टक्क्यांची तारीख होत नाही, त्याहून बरीच पुढे जाते. सगळी कामं एकाच वेळी वाईट जाणं दुर्मीळ असतं. फक्त एई कॉलम निवडून सॉर्ट करू नका, ओळींची जुळणी मोडते आणि कोरेलची सगळी उत्तरं निरर्थक होतात. रँडबिटवीनने किमान ते कमाल यांतला कोणताही दिवस उचलला तर टोकाचे दिवस मधल्या दिवसांइतकेच वारंवार येतात. आणि हवा तो निकाल येईपर्यंत शक्यता खाली ओढू नका. शक्यता बदलायची असेल तर शेजारच्या सेलमध्ये कारण आणि तारीख लिहा.

बाजारात अ‍ॅट-रिस्क, क्रिस्टल बॉल अशी विकतची अ‍ॅड-इन मिळतात. कामं शेकड्यात असतील, अनेक घटकांचे परस्परसंबंध बांधायचे असतील तर ती घ्यावीत. एका घराला, एका सोसायटीच्या दुरुस्तीला किंवा कुंडई-वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या शेडला वर दिलेली शीट पुरते.

काम सुरू झाल्यावर शीट बंद करून ठेवू नका. जानेवारीत प्लिंथ झाली आणि ३४ दिवस लागले असतील तर पहिल्या ओळीत ३४, ३४, ३४ टाका. मात्र झालेल्या कामाला समान घटकाने गुणायचं नाही, म्हणून एई च्या सूत्रात बी२ कंसाच्या बाहेर काढा. खडक लागला नसेल तर त्या धोक्याची शक्यता ० करा. लागलाच असेल तर त्याचे दिवस ३४ मध्ये आलेच आहेत, तेव्हाही ०. पाया रेंगाळण्याचं कारण टोळीचा वेग असेल तर समान घटकाचे आकडेही वर सरकवा, उदाहरणार्थ १, १.१, १.२५. मग एफ९ दाबून टक्केवारी पाहा. हे दर पंधरा दिवसांनी करा, आणि स्लॅब ओतल्याच्या दिवशी तर नक्कीच, कारण कैच्यांची मापं त्याच वेळी जातात आणि दुसरी टोळी आणायची असेल तर ती तेव्हाच आणता येते. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात टक्केवारी निम्म्याखाली असेल तर वरच्या मजल्याच्या भिंतींची माथी झाकायची तयारी, ताडपत्री, बांबू आणि पाणी काढायचे चर, मेच्या पहिल्या आठवड्यातच लावून घ्या.